जुन्या अ‍ॅल्युमिनियम बोटीचे बूच: नवे बसत नाही, किंवा बसूनही गळते तेव्हा

जुन्या अ‍ॅल्युमिनियम बोटीच्या तळाचे पाणी सोडायचे बूच हरवले किंवा झिजले की बहुतेक जण जुने बूच, नाहीतर भोकाचे अंदाजे माप घेऊन दुकानात जातात आणि दिसायला तसेच दुसरे आणतात. ते कधी आटे धरत नाही, कधी अर्ध्यावर अडकते. कधी अगदी छान बसते, पण तासाभराने तळाशी पाणी दिसतेच. पुढच्या हंगामात पुन्हा नवे बूच आणि पुन्हा तीच गळती. याचे कारण बहुतेक वेळा असे असते की व्यास जुळवलेला असतो, पण बूच पाणी नेमके कुठे अडवते हे पाहिलेले नसते.

बोट बनवणारी कंपनी बंद पडली किंवा भागाचा क्रमांक सापडत नाही म्हणून अडून राहू नका. बहुतेक कंपन्या बाजारात मिळणारी ठरावीक मापाचीच बुचे बसवत. बोटीचे नाव आणि वर्ष शोधण्यात वेळ घालवण्यापेक्षा भोक नीट मोजलेले जास्त कामाला येते.

हे काम उद्यावर का टाकू नये, त्याचा एक हिशोब देतो. पाण्याच्या पातळीखाली २० सेंमी असलेल्या एक इंची उघड्या भोकातून मिनिटाला सुमारे ३५ लिटर पाणी आत येते, म्हणजे तासाला दोन हजार लिटरच्या वर. छोट्या बोटीतल्या पंपावर ताशी ५०० गॅलन लिहिलेले असते. अमेरिकन गॅलन धरला तर ते जेमतेम १९०० लिटर होतात, आणि तेही बॅटरी पूर्ण भरलेली आणि नळी सरळ असेल तर. बूच निघाले तर पंप बोट वाचवेल या भरवशावर राहू नका.

बूच पाणी कुठे अडवते

जुन्या बोटींवर तीन तऱ्हा दिसतात.

पहिली फुगणाऱ्या रबरी बुचाची. भोकात गुळगुळीत नळी असते, आटे नसतात. बुचाच्या मधल्या दांड्यावर रबर असते आणि दोन्ही टोकांना चकत्या. खटका पाडला किंवा वरचे कान पिळले की चकत्या जवळ येतात, रबर आखूड होऊन बाहेर फुगते आणि नळीच्या भिंतीला दाबून बसते. पाणी अडते ते रबर आणि भिंत यांच्यामध्ये. म्हणून नळीचा आतला पृष्ठभाग गुळगुळीत आणि गोल असणे हीच इथली मुख्य अट.

दुसरी निमुळत्या आट्यांची. बूच धातूचे किंवा प्लास्टिकचे, टोकाकडे बारीक होत गेलेले. पिळत गेले की ते पाचरीसारखे घट्ट होते आणि आटेच पाणी अडवतात. अशा बुचाचे डोके बैठकीला, म्हणजे बोटीला बसवलेल्या ज्या भागात बूच पिळतात त्याला, टेकायला नको. टेकलेच, तर आटे आवळायच्या आधीच बूच थांबते आणि गळते.

तिसरी सरळ आट्यांची. इथे आटे बुचाला फक्त जागेवर धरून ठेवतात. पाणी अडवते ती डोक्याखालची वॉशर किंवा ओ-रिंग (गोल रबरी कडे). वॉशर नसेल तर असे बूच कितीही आवळा, पाणी आट्यांवरून आत येतच राहते. जुन्या बोटींवर ही वॉशर बहुधा कधीच गळून पडलेली असते. नव्या मालकाला ती तिथे होती हेही ठाऊक नसते आणि तो बुचाला टेफ्लॉन टेपचे थर चढवत बसतो.

आपले बूच कोणते, हे हातात असेल तर व्हर्नियर कॅलिपरने ठरवता येते. आट्यांचा बाहेरचा व्यास टोकाशी मोजा आणि डोक्याजवळ मोजा. पाइपाचे निमुळते आटे १६ ला १ या प्रमाणात बारीक होतात, म्हणजे १० मिमी लांबीत व्यास सुमारे ०.६ मिमीने बदलतो. दोन्हीकडे तोच आकडा आला तर आटे सरळ आहेत आणि तुम्हाला वॉशर लागणार.

भोक कसे मोजायचे

आधी भोक स्वच्छ करा. जुना सीलंट, वाळू, पांढरी भुकटी यांच्या थरामुळे माप सहज मिलिमीटरभर चुकते. ताठ नायलॉनचा ब्रश आणि साबणाचे पाणी पुरते. तारेचा ब्रश लोखंडाचा नको, कारण त्याचे कण अ‍ॅल्युमिनियममध्ये रुततात आणि तिथेच पुढे खड्डे पडतात.

गुळगुळीत नळीचा आतला व्यास तोंडाशी, मध्यभागी आणि शक्य असेल तर पलीकडच्या टोकाशी मोजा. प्रत्येक ठिकाणी एकदा उभा आणि एकदा आडवा. नेहमी सापडणारी मापे एक इंची, म्हणजे २५.४ मिमी, आणि सव्वा इंची, म्हणजे ३१.८ मिमी. उभ्या आणि आडव्या मापात अर्ध्या मिलिमीटरपर्यंत फरक असेल तर रबर तो भरून काढते. एक मिलिमीटरच्या वर फरक गेला की नळी चेपलेली आहे असे समजा. बूच बदलून हे सुटणार नाही, नळीच बदलावी लागेल.

नळीची लांबीही बघा. रबराचा पूर्ण पट्टा नळीच्या आत मावला पाहिजे. काही साध्या रिव्हेटच्या बोटींना नळी नसतेच, दीड-दोन मिलिमीटर जाडीच्या पत्र्याला नुसते भोक असते. तिथे रबर पत्र्याच्या दोन्ही बाजूंना फुगून अडते आणि काम भागते, पण भोकाची धार रबर कापत जाते. अशा भोकाच्या कडा बारीक गोल कानशीने आणि मग ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने दोन्हीकडून मारून घ्या. हाताचे बोट फिरवून पाहिल्यावर कड लागली तर अजून मारा.

आट्यांचे भोक मोजताना एक गोंधळ हमखास होतो. अर्धा इंची पाइप आट्यांच्या बुचात अर्धा इंच कुठेच सापडत नाही. त्याचा बाहेरचा व्यास २१.३ मिमी असतो. पाऊण इंचीचा २६.७ मिमी आणि एक इंचीचा ३३.४ मिमी. २६ मिमी मोजून कोणी एक इंची बूच मागतो आणि ते भोकात शिरतच नाही. बूच हरवलेले असेल तर भोकाच्या आट्यांच्या माथ्यांवर आतून माप घ्या: १८ ते १९ मिमी आले तर अर्धा इंची, २३ ते २५ मिमी आले तर पाऊण इंची.

याच मापामुळे आणखी एक घोटाळा होतो. पाऊण इंची आट्यांचे भोक वरवर पाहता एक इंची साध्या नळीसारखे दिसते, आणि एक इंची रबरी बूच त्यात दाबून बसवताही येते. ते घट्टही वाटते. पण आट्यांची खाच मळसूत्रासारखी बाहेरून आतपर्यंत सलग जाते, रबर ती पूर्ण भरू शकत नाही आणि पाणी गोल गोल फिरत आत पोचते. शिवाय आट्यांच्या धारेने रबर काही दिवसांत चिरते. भोकात बोट घालून नखाने आटे लागतात का हे आधी तपासा. आटे लागले तर तिथे रबरी बूच फक्त तात्पुरते.

आटे कोणते: एनपीटी की बीएसपी

अमेरिकी घडणीच्या बोटींवर पाइपाचे आटे एनपीटी, म्हणजे अमेरिकन मानकाचे, असतात. दुसरीकडे प्लंबिंगच्या दुकानात अनेक देशांत बीएसपीच, म्हणजे ब्रिटिश मानकाचे आटे, मिळतात. अर्धा आणि पाऊण इंचीत दोन्हींचे आटे इंचाला १४ च असतात, म्हणून पिच गेज (आट्यांमधले अंतर मोजायची पट्टी) लावून फरक कळत नाही. व्यासातला फरकही अर्ध्या मिलिमीटरच्या आत असतो. फरक आहे तो आट्याच्या कोनात. एनपीटीचा कोन ६० अंश आणि माथे सपाट, बीएसपीचा ५५ अंश आणि माथे गोलसर. त्यामुळे चुकीचे बूच दोन-तीन फेरे छान जाते, मग जड होते, आणि आपल्याला वाटते की आवळले. प्रत्यक्षात आटे एकमेकांच्या कडांवर घासत असतात. एक इंचीत फरक लवकर कळतो, कारण एनपीटीत इंचाला साडेअकरा आटे आणि बीएसपीत अकरा.

सर्वात स्वस्त आणि खात्रीची परीक्षा अशी: अर्धा आणि पाऊण इंची एनपीटीचे साधे प्लास्टिक पाइप-बूच आणा आणि कोरडेच, पान्हा न लावता, हाताने पिळा. धड असलेल्या एनपीटी बैठकीत ते साधारण साडेचार फेरे हाताने जाते आणि मग थांबते. दीड-दोन फेऱ्यांत अडले तर आटे चुकीचे आहेत, किंवा भोकाचे पहिले आटे चेपलेत. डोक्यापर्यंत सैल गेले तर बैठक झिजली आहे, किंवा आटे सरळ आहेत. प्लास्टिकनेच ही परीक्षा करायची, कारण चूक झाली तर नुकसान बुचाचे होते, बोटीचे नाही.

दोन्ही प्रकारची बुचे बसली नाहीत तर जबरदस्ती करू नका. काही जुन्या बैठकांना साधे यंत्राचे, म्हणजे नट-बोल्टसारखे, आटे असतात. अशा वेळी बूच शोधत फिरण्यापेक्षा पूर्ण बैठक बदलणे सोपे पडते.

धातूची निवड

अ‍ॅल्युमिनियम बोटीला पितळी बूच हा जुना रिवाज. गोड्या पाण्यात, बोट ट्रेलरवर वाळत असेल तर तो चालून जातो. खाऱ्या पाण्यात मात्र पितळ आणि अ‍ॅल्युमिनियम एकत्र भिजले की झिजते ते अ‍ॅल्युमिनियम, म्हणजे बोट. बूच वर्षानुवर्षे चकचकीत राहते आणि बैठकीचे आटे पांढऱ्या भुकटीत जातात. स्टेनलेसनेही हा प्रश्न सुटत नाही, तेही अ‍ॅल्युमिनियमला झिजवते.

अ‍ॅल्युमिनियमच्या आट्यांत अ‍ॅल्युमिनियमचे बूच घालणे तर्काला पटते, पण एकाच मऊ धातूचे दोन भाग एकमेकांवर घासले की धरतात आणि मग निघत नाहीत. म्हणून आट्यांच्या बैठकीसाठी नायलॉनचे किंवा त्याच्यासारख्याच टणक प्लास्टिकचे, म्हणजे अ‍ॅसिटलचे बूच घ्या. ते धातू झिजवत नाही. आटे चढलेच तर त्याचेच चढतात, आणि बदलायला पैसे फार लागत नाहीत. उन्हाने ते ठिसूळ होते, म्हणून डोक्याच्या मुळाशी बारीक चीर दिसली की टाकून द्यायचे.

पितळीच वापरायचे असेल तर दोन धातूंच्या मध्ये काहीतरी हवे: टेफ्लॉन टेपचे दोन-तीन वेढे किंवा लॅनोलिनचे ग्रीस. तांब्याचा किंवा ग्राफाइटचा अँटी-सीझ (आटे अडकू नयेत म्हणून लावायचा लेप) इथे लावू नका. दोन्हींनी अ‍ॅल्युमिनियमची झीज वाढते. टेप गुंडाळताना बुचाचे टोक आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गुंडाळा, म्हणजे पिळताना ती उलगडत नाही. पहिला आटा मोकळा ठेवा.

रबरी बुचात रबर कोणते हे विचारा. निओप्रीन ऊन आणि पाणी चांगले सोसते. तळाशी पेट्रोल-तेल साचत असेल तर नायट्राइल बरे. साध्या रबराला पेट्रोल लागले की ते फुगून मऊ पडते. ग्रीस हवेच असेल तर सिलिकॉनचे, पेट्रोलियमचे नको.

माप बरोबर, तरीही पाणी येते

इथे बूच बदलत बसण्याआधी पाणी खरेच बुचातून येते का ते बघा. बोट ट्रेलरवर ठेवा, पुढची बाजू थोडी उचला, बाहेरून मागची भिंत पूर्ण पुसून कोरडी करा आणि बुचाच्या भोवती खडूची पूड चोळा. आता बोटीत पाणी सोडा, मागच्या भिंतीशी ८ ते १० सेंमी चढेल इतकेच. जास्त भरू नका. एका लिटरचे वजन एक किलो, आणि रुंद तळाच्या बोटीत शंभर-दीडशे लिटर कधी झाले ते कळतही नाही. ते वजन ट्रेलरच्या मागच्या टोकावर येते, म्हणून आधी ट्रेलरच्या मागच्या टोकाखाली भक्कम टेकू द्या.

वीस मिनिटे थांबा. खडू कुठे ओला होतो ते बघा. बुचाच्या मध्यातून थेंब आला तर बूच किंवा आटे. बैठकीच्या कडेखालून ओघळ आला तर बूच निर्दोष आहे, बैठक आणि पत्रा यांच्यामधला सीलंट गेला आहे. रिव्हेटच्या डोक्याखाली ओल आली तर रिव्हेट. पत्र्याच्या जोडावर आली तर काम वेगळेच. आणि पाणी बोटीत कमी होते आहे पण बाहेर कुठेच दिसत नाही, मग बऱ्याच वेळाने मागच्या भिंतीच्या तळातून पाझरते, तर ते नळीच्या भोवतीने भिंतीतल्या प्लायवूडमध्ये मुरते आहे. हा प्रकार सर्वात वाईट, कारण लाकूड आतून कुजत राहते आणि इंजिनाचा भार त्याच लाकडावर असतो.

या चाचणीत दाब उलट्या दिशेने असतो हे लक्षात घ्या. बाहेरून लावलेल्या आणि वॉशरवर अडणाऱ्या बुचाला तलावातले पाणी बैठकीवर दाबते, इथे ते बाहेर ढकलले जाते. त्यामुळे अशा बुचाला एखादा थेंब आला तर लगेच त्याला दोष देऊ नका. सलग ओघळ असेल तरच द्या.

रबरी बूच पुन्हा पुन्हा गळत असेल तर खटक्याचा ताण बघा. खटका उघडा असताना तो दांड्यावर फिरवून ताण कमी-जास्त करता येतो, आणि पाकिटातून काढल्यावर तो क्वचितच बरोबर असतो. अंगठ्याने चांगला जोर लावल्यावरच खटका पडला पाहिजे. एका बोटाने पडत असेल तर अर्धा फेरा आवळा आणि पुन्हा पाडून बघा. हातोडी लागत असेल तर रबर पिळून फाटणार. बसवून झाल्यावर बूच हाताने ओढून आणि फिरवून बघा, ते हलता कामा नये.

दुसरे कारण साठवणुकीचे. खटका पाडलेल्या स्थितीत बूच महिनोन् महिने ठेवले की रबर त्याच फुगलेल्या आकारात बसते आणि खटका उघडल्यावरही परत येत नाही. पुढच्या वेळी त्याला फुगायला जागाच उरत नाही. बोट बाहेर काढली की बूच काढा, खटका उघडा ठेवा, सावलीत ठेवा.

खटक्याचे बूच आतून लावले असेल तर नांगराची दोरी किंवा पाय त्यात अडकून ते उघडू शकते. बाहेरून लावले तर पाणवनस्पती आणि ट्रेलरच्या फळ्या. जिथे अशी वर्दळ असेल तिथे कान पिळून आवळायचे बूच घ्या. लावायला दहा सेकंद जास्त जातात, पण धक्क्याने उघडत नाही.

जुने बूच निघतच नाही

अडकलेल्या पितळी बुचावर गंज सोडवणारे तेल टाकून रात्रभर राहू द्या. मग बैठकीवर उकळते पाणी सोडा. अ‍ॅल्युमिनियम पितळेपेक्षा थोडे जास्त प्रसरण पावते, म्हणून बैठक गरम असतानाच पिळायचे. ज्योत लावायची नाही. शेजारी पेट्रोलची वाफ आणि तरंगण्यासाठी भरलेला फोम असतो.

षटकोनी डोके असेल तर सहा कोनांचा सॉकेट लावा, बारा कोनांचा घसरून कोपरे खातो. आधी थोडे आवळण्याच्या दिशेने, मग सोडण्याच्या दिशेने, असे झुलवत काढा. डोके तुटलेच तर बुचाच्या मध्यावर भोक पाडा, ते आट्यांच्या मुळापासून दोन-तीन मिमी अलीकडे थांबेल इतके मोठे करा, हॅकसॉच्या नुसत्या पात्याने आतून समोरासमोर दोन चिरा द्या आणि छिन्नीने तुकडा आत दुमडा. पाते शेवटच्या पाव मिलिमीटरला हळू चालवा. पितळेचा पिवळा भुसा पडतो तोवर ठीक, चंदेरी दिसला की थांबा.

मग त्याच मापाचा एनपीटी टॅप (आटे पाडायचे हत्यार) रॉकेल लावून हाताने फिरवा, फक्त आटे साफ करण्यापुरता. निमुळता टॅप जितका आत जातो तितके भोक मोठे होते. एक फेरा जास्त गेला तर नवे बूच डोक्यापर्यंत सैल जाईल.

बैठक किंवा नळी बदलताना

बैठकीचे रिव्हेट डोके खरवडून नव्हे, मधून ड्रिल करून काढा. पत्रा एसीटोनने पुसा. सीलंट पॉलियुरेथेन किंवा पॉलिसल्फाइड जातीचा घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन अ‍ॅल्युमिनियमवर नको, सुकताना सुटणारे आम्ल धातू खाते. नवे रिव्हेट बंद टोकाचे अ‍ॅल्युमिनियमचे, ४.८ मिमी, त्यासाठी भोक ४.९ मिमी. रिव्हेट सीलंटमध्ये बुडवून मग ओढा. उघड्या टोकाच्या रिव्हेटमधून मधोमध पाणी येते, आणि बूच गळते असे वाटत राहते.

भिंतीतून आरपार गेलेली नळी बदलताना एका बाजूची उलटवलेली कड छिन्नीने कापून नळी दुसरीकडून ठोकून काढा. आतले प्लायवूड टोकदार हत्याराने टोचून बघा. कडक असेल तर पूर्ण वाळू द्या आणि भोकाच्या आतल्या लाकडाला इपॉक्सीचे दोन हात द्या. मऊ पडले असेल तर बुचाचे काम बाजूला ठेवून आधी भिंतीचे काम. नवी नळी प्लास्टिकची कॉलरवाली किंवा अ‍ॅल्युमिनियमची घ्या. कड उलटवायची असेल तर दोन्ही बाजूंना तीनेक मिलिमीटर जास्त लांबी ठेवा, त्याहून जास्त ठेवली तर कड चिरते. दोन्ही कडांखाली सीलंट हवाच. तो डब्यावर लिहिलेला पूर्ण वेळ वाळल्याशिवाय बोट पाण्यात उतरवू नका.

आट्यांचे बूच आवळताना धातूचे असेल तर हाताने घट्ट झाल्यावर पान्ह्याने अर्धा फेरा, प्लास्टिकचे असेल तर पाव. याहून जास्त जोराने ओतीव बैठक निमुळत्या बुचाच्या पाचरीने तडकते, आणि तडा बहुधा रिव्हेटच्या भोकापासून सुरू होतो.

पाण्यावर असतानाच बूच निकामी झाले तर मऊ लाकडाची निमुळती खुंटी आतून ठोकून बसवा. लाकूड भिजून फुगते आणि धरते. चिंधी कोंबू नका, ती पाण्याच्या दाबाने आत सरकते आणि पंपाच्या तोंडात जाते. खुंटी भोकाजवळच दोरीने बांधून ठेवा, सोबत मापाचे एक जास्तीचे बूच.

नवे बूच लावल्यावर पहिल्या फेरीनंतर ते काढून आट्यांवरून पांढरा रुमाल फिरवा. काळसर मळ आला तर हरकत नाही. पांढरी भुकटी किंवा चंदेरी कण आले तर धातूची निवड किंवा आट्यांची जात पुन्हा तपासा.